गादीच्या दुकानापलीकडे

१

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ऑफिसात सगळे तिला सीमाताईच म्हणायचे. मोबाइल कंपनीच्या नेटवर्क विभागात तिच्याकडे टॉवरांच्या हद्दी सांभाळायचं काम होतं. माणूस फोनवर बोलत बोलत रस्त्यानं चाललेला असतो आणि त्याला पत्ताही नसतो, की मागच्या टॉवरनं आपला हात सोडला आणि पुढच्यानं धरला. या हातबदलाला ते हँडओव्हर म्हणत. मागच्यानं घाई केली किंवा पुढच्यानं उशीर लावला, की कॉल पडतो आणि माणूस 'हॅलो, हॅलो' करत फोनकडे संशयानं बघत राहतो. तसं होऊ नये म्हणून कधी सोडायचं, कधी धरायचं, पुढच्याचा जोर किती वाढला की त्याच्यावर भरवसा ठेवायचा, हे आकडे सीमाताई ठरवायची. गावातली निम्मी भांडणं आपल्या कृपेनं शेवटापर्यंत जातात, असं ती गमतीनं म्हणायची.

मग नवी प्रणाली आली. ती आपली आपणच बघायची, आपली आपणच शिकायची आणि कुणाला न विचारता आकडे बदलायची. ऑफिसात तिचं नाव पडलं 'शहाणा'. सकाळी आल्या आल्या "शहाण्यानं आज काय दिवे लावले?" असं एकमेकांना विचारायची पद्धतच पडली. साहेबांनी शहाण्याला एकच गोष्ट बजावून ठेवली होती. हद्दीवर कॉल पडता कामा नयेत. कसं करायचं ते त्याचं त्यानं बघावं.

आणि त्यानं बघितलं. महिन्याभरात पडणारे कॉल निम्म्यावर आले. मग एका सकाळी साहेब हातात चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "सीमाताई, तुमच्या घराकडची हद्द बघा. एकसुद्धा कॉल पडला नाही. पूर्ण तीन आठवडे."

तिनं बघितलं. तिचं घर, ऑफिस आणि बाजार असा सगळा पसारा ज्या टॉवरखाली यायचा, त्याची आणि पलीकडच्या टॉवरची ती हद्द. पलीकडे तिचे बाबा राहायचे, म्हणून तो रस्ता तिला तळहातासारखा माहीत होता. पडलेले कॉल शून्य. तिनं बोट खालच्या ओळीवर सरकवलं. हात बदललेले कॉल. तिथंही शून्य.

"साहेब, कुणी गेलंच नाहीये इकडून तिकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे कॉल पडला नाही, कारण फोन घेऊन हद्द कुणी ओलांडलीच नाही. इकडून नाही, तिकडूनही नाही."

साहेब हसले. "मोजणीत घोळ असेल. त्या रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नाही. जाऊन बघून या एकदा."

२

बघायला जायचं म्हणजे चाचणीची गाडी काढायची. ती चालवायला ड्रायव्हरमामा होते. मामा पलीकडच्या टॉवरखालीच राहायचे, रोज तिकडूनच, फोन पिशवीत बंद ठेवून, कामावर यायचे, आणि त्यांच्याइतका तो रस्ता कुणी तुडवला नसेल. गाडीत फोन लावून ठेवायचा, एका ठरलेल्या नंबरावर कॉल चालू ठेवायचा, आवाजाची परीक्षा म्हणून तो ध्वनिमुद्रित व्हायचा, आणि गाडी हद्द ओलांडून पुढे न्यायची. दोघांनी हे असंख्य वेळा केलं होतं.

दुपारचं लख्ख ऊन होतं. मामा सुनेच्या तक्रारी सांगत होते, सीमाताई हुंकार देत होती. डाव्या हाताला गादीचं दुकान आलं, पुढे बंद पडलेला पेट्रोल पंप दिसायला लागला. हद्द याच दोहोंच्या मधे होती. तिथं ना नदी होती ना भिंत, नुसता साधा रस्ता होता. तिनं मांडीवरच्या लॅपटॉपच्या पडद्याकडे बघितलं आणि मान वर केली, तर गाडी ऑफिसच्या दिशेनं चालली होती.

"मामा, आपण वळलो का?"

"हो."

"का?"

मामांनी आरशातून तिच्याकडे बघितलं. "तुम्हीच म्हणालात की ताई."

"मी काही बोलले नाही."

"आता काय सांगायचं. म्हणालात, वळवा मामा, झालं काम."

मामा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते आणि थट्टेचा त्यांचा सूरही नव्हता. ऑफिसात परत आल्यावर तिनं कानाला हेडफोन लावून ते ध्वनिमुद्रण ऐकलं. गाडीची घरघर, मामांची सून, तिचे हुंकार. आणि मग तिचाच आवाज, दमलेला, समाधानी, कामावरून घरी निघालेल्या माणसाचा.

"वळवा मामा. झालं काम."

तिनं ते पुन्हा लावलं. डोळे मिटून ते शब्द आपल्या तोंडून कधी निघाले हे आठवायचा प्रयत्न केला. आठवत होतं ते फक्त गादीच्या दुकानाबाहेर उभ्या करून ठेवलेल्या गाद्यांवरचं ऊन. डोक्याला ताप फार झालाय, ती मनाशी म्हणाली. झोप कमी पडते, माणूस बोलतो आणि विसरतो. त्यात एवढं काय.

३

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच चालत गेली आणि गादीच्या दुकानासमोर, फुटपाथच्या कठड्याला टेकून उभी राहिली.

रस्ता भरलेला होता. साहेब म्हणाले ते खरंच, मुंगीला वाट नव्हती. सायकलवर पावाचे ट्रे लादलेला माणूस आला, दुकानापुढे थोडा गेला, ब्रेक दाबला, कपाळावर हात मारला आणि मागे फिरला. बाबागाडी ढकलणारी एक बाई आली, तिनं बाळाच्या टोपीला हात लावला, आणि टोपी नीट करता करता बाबागाडी फिरवून आली तशी निघाली. गप्पा मारत आलेल्या दोन मुली एकदम म्हणाल्या, "अगं, चल ना, उशीर झाला," आणि उलट्या चालायला लागल्या. कुणी दचकलं नाही. कुणाच्या कपाळावर आठी नव्हती. जो तो आपापलं कारण घेऊन वळत होता आणि प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं होतं. एक कुत्रं तेवढं रमतगमत सरळ पुढे गेलं आणि पेट्रोल पंपाच्या सावलीत जाऊन बसलं.

पलीकडूनही माणसं येत होती. पंपापाशी यायची आणि वळायची. दोन्हीकडच्या गर्दीच्या मधे रस्त्याचा एक पट्टा होता, चार गाड्या आडव्या मावतील एवढा. तिथं धुळीचा थर बसला होता.

गादीवाला दारात स्टूल टाकून बसला होता. बोलका माणूस. तिनं विचारलं, "काका, इथून पुढे कुणी जात नाही का हल्ली?"

"पुढे कशाला जायचं? सगळं इथंच मिळतं."

"तुमचं घर कुठं आहे?"

"तिकडंच की." त्यानं पंपाच्या दिशेला हनुवटी उडवली. "मागच्या गल्लीत."

"मग तुम्ही जाता कसे घरी?"

गादीवाला क्षणभर विचारात पडला. पडला म्हणजे, चेहऱ्यावर तसं काहीतरी येऊ लागलं आणि मग पाणी निवळावं तसं निवळलं. "दुकानातच झोपतो," तो म्हणाला. "गाद्यांना काय तोटा आहे इथं? बायकोचा फोन येतो रोज. तिलाही बरंच वाटत असेल, घोरणं ऐकावं लागत नाही."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. सीमाताईलाही हसू आलं, पण ते ओठांवर आल्या आल्या गार पडलं. कारण त्याच क्षणी तिला आठवलं, की आपण बाबांकडे शेवटचं कधी गेलो तेच आपल्याला आठवत नाहीये.

४

बाबा म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. आई गेल्यापासून एकटे. त्यांच्याजवळ असावं म्हणूनच तिनं हे भाड्याचं घर घेतलं होतं. इथून निघून तिथं पोचेपर्यंत डब्यातलं वरण निवू नये, इतकं जवळ.

त्यांना काचबिंदू झाला होता. या आजारात नजर कडेकडेनं विझत येते, मधलं तेवढं शाबूत राहतं, म्हणून माणसाला बरेच दिवस कळतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती वाचवायची तर ऑपरेशन लवकर उरकून घ्या. डोळ्यांचं हॉस्पिटल सीमाताईच्या घराच्या मागेच होतं. तारीख मिळाली होती, आणि ती हुकली होती.

"निघालो होतो गं," बाबा तेव्हा फोनवर म्हणाले होते. "त्या पंपापाशी आलो, तर आठवलं गॅस बंद केलाय का ते बघितलंच नाही. परत आलो. मग ऊन झालं."

ती चिडली होती तेव्हा. आता तिनं स्वतःचे रविवार आठवून बघितले. एका रविवारी अंगात कणकण होती. एका रविवारी पाण्याचा माणूस येणार होता. एकदा तर निघाली, आणि रस्त्यात चपलेचा पट्टा तुटला. सगळं खरं होतं. तापाची गोळी तिनं खरंच घेतली होती, चप्पल खरंच दुरुस्तीला टाकली होती. म्हाताऱ्या बापाकडे जायचा कंटाळा करणाऱ्या मुली जगात थोड्या आहेत का? त्यासाठी टॉवरला कशाला दोष द्यायचा? ती आळशी होती, निष्काळजी होती. असं म्हटल्यावर तिला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. आळशी असणं चालण्यासारखं होतं.

त्या संध्याकाळी तिनं फोन लावला. "बाबा, मी आत्ता येते. तुम्हाला घेऊन इकडेच येऊ. डॉक्टरीणबाईंशी बोलते."

"ये की. चहा टाकतो."

तिनं कुलूप लावलं, जिना उतरली, चालायला लागली. नंतर ती स्वयंपाकघरात कप विसळत उभी होती आणि फोन वाजत होता.

"काय गं, निघाली होतीस ना? चहा उकळून उकळून काढा झाला."

नळाचं पाणी तिच्या हातांवरून वाहत राहिलं. पायात अजून चपला होत्या आणि त्यांच्यावर रस्त्याची धूळ होती.

५

साहेबांना तिनं सगळं सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाले असते. "त्या हद्दीपुरतं शहाण्याला बंद करू या," एवढंच म्हणाली. साहेबांनी खांदे उडवले. तिनं स्वतःच्या हातानं शहाण्याचा हात तिथून काढला आणि जुने आकडे घातले, तिनं वर्षानुवर्षं जपलेले. यंत्रणेनं ते निमूटपणे घेतले. कुठं अडथळा नाही, कुठं तक्रार नाही.

मग ती पळतच गादीच्या दुकानाकडे गेली.

पाववाला आला, थांबला, कपाळावर हात मारला आणि वळला.

ती कठड्याला धरून उभी राहिली. आकड्यांचं काम संपलं होतं. शहाणा शिकला होता ते पुसता आलं, पण त्याच्यामागे आणखी कोण शिकून बसलं होतं, ते कुठल्या पडद्यावर दिसणार?

त्यानंतर ऑफिस रिकामं होऊ लागलं. कुणालाही न कळेल अशा रीतीनं. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली की ती आता घरूनच काम करणार आहे, प्रवासात फार वेळ जातो. हिशेबातल्या काकांची पाठ धरली. साहेब एक दिवस आले नाहीत आणि मग रोज पडद्यावरच दिसू लागले, मागे त्यांच्या घराचा पडदा, तोच प्रसन्न चेहरा. "सगळ्या हद्दी शांत आहेत सीमाताई," ते म्हणाले. "इतकं चांगलं नेटवर्क मी आयुष्यात बघितलं नव्हतं."

ड्रायव्हरमामाही यायचे थांबले. त्यांना फोन लावला तर तो कायम व्यग्र. दिवसभरात कधीही लावा, मामा आपले दुसऱ्या कुणाशी तरी बोलतच असायचे. तिनं त्यांच्या सुनेला फोन केला. सून म्हणाली, "ते तर कामावर गेलेत ना. तुमच्याकडेच आहेत. फोन करतात की मला. पोचतोच आहे, म्हणतात."

"कधीपासून?"

"कधीपासून काय ताई? कामावर जातात, तेव्हापासून."

मोकळ्या ऑफिसात पंखे फिरत होते. सीमाताई एकटी बसली होती. तिला जायला घर होतं, बाजार होता, हे ऑफिस होतं. चालून दमावं इतकीसुद्धा जागा उरली नव्हती, आणि गंमत अशी, की त्याची अडचण कुणालाच होत नव्हती. तिला तरी कुठं होत होती? बाबांचे डोळे नसते, तर तिच्याही लक्षात आलं नसतं.

६

रविवारी सकाळी तिनं बाबांना फोन केला आणि शब्द जपून सांगितलं. "दुपारी जेवण झालं की निघा. फोन घरीच ठेवा. गॅस, दार, नळ, काय बघायचं ते निघण्याआधी बघून घ्या. पंपापाशी आलात की काहीही आठवू दे, परत फिरू नका. मी समोरून येते."

"अगं, एवढं काय झालंय?"

"बाबा, माझं ऐका."

"बरं," ते म्हणाले. लहानपणी ती दाढ दाखवायला तयार व्हायची नाही, तेव्हा ते असेच 'बरं' म्हणायचे, सबुरीनं.

तिनं आपला फोन उशीखाली ठेवला आणि निघाली. रिकाम्या हाताला काय करावं कळत नव्हतं. गादीच्या दुकानापाशी कारणं यायला लागली. इस्त्री चालू राहिली. राहू दे. बाबांच्या औषधाची चिठ्ठी घरी राहिली. राहू दे. पोटात कळ आली, खरीखुरी, वाकायला लावणारी. तिनं कठड्याचा गज अन् गज धरत पाय पुढे टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं. आजूबाजूची माणसं तिला वळसा घालून, आपापल्या कारणांनी मागे फिरत होती. कठडा संपला आणि तिच्या पायाशी धुळीची कड आली.

समोर बाबा उभे होते. काळा चष्मा, इस्त्रीचा सदरा. पंपाच्या बाजूच्या कडेला थांबून ते खिसे चाचपत होते.

"बाबा."

त्यांनी मान इकडे तिकडे फिरवली. उरलेल्या तेवढ्या नजरेत ती सापडायला त्यांना वेळ लागला. मग ती सापडली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी हात वर केला.

तिनंही पाय उचलला, आणि तेवढ्यात तिला दिसलं, की मधला पट्टा रिकामा नाही.

तिथं माणसं उभी होती. किती दिवस ती रस्त्यापलीकडून या पट्ट्याकडे बघत होती, आणि तिला ती दिसली नव्हती. साधी, कामाला निघालेली माणसं. खांद्याला पिशव्या, कानाला फोन. एक पाय पुढे, एक मागे. त्यांच्या चपला धुळीत घोट्यापर्यंत बुडालेल्या होत्या. ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. एका टॉवरनं त्यांचा हात सोडला होता आणि दुसऱ्यानं तो धरला नव्हता. सगळ्यात जवळच्या माणसाची पाठ तिच्याकडे होती. मान जराशी तिरकी, गाडी मागे घेताना मामा करायचे तशी. त्या मानेनं तिच्या दिशेला वळायला सुरुवात केली.

पलीकडे बाबांनी पाऊल उचललं होतं. त्यांना कडेचं काहीच दिसत नव्हतं, दिसत होती ती फक्त समोरची मुलगी. त्यांचा बूट धुळीवर टेकणार होता.

"बाबा," ती ओरडली, "नळ चालू राहिलाय तुमचा."

ते थबकले. "काय म्हणालीस?"

"नळ. न्हाणीघरातला. फोनवर बोलताना मला ऐकू येत होता. पाणी भरेल घरभर. जा, आधी बंद करा जा."

त्यांच्या चेहऱ्यावर गोंधळ आला आणि मग तो निवळला. सुटका झाल्यासारखे ते हसले. "बघ, मला वाटतच होतं काहीतरी राहिलंय," ते म्हणाले. पाऊल मागे घेतलं, वळले आणि गर्दीत मिसळून गेले. तिनं समोर बघितलं नाही. नजर जमिनीवर खिळवून ती उलटी उलटी चालत राहिली, गादीवाल्याचा आवाज कानावर येईपर्यंत.

७

संध्याकाळी फोन आला.

"नळ बंदच होता गं," बाबा म्हणाले. "पण बरं झालं परत आलो. दमलो होतो जरा."

"औषधाचे थेंब घातलेत?"

"घातले. उजवीकडचं आता जरा कमीच दिसतंय. वाचायला घेतलं की ओळीचा शेवट सापडत नाही. तू छान दिसत होतीस हं. वाळलीस मात्र."

ती पलंगावर बसली होती. तिनं गुडघे जवळ ओढून घेतले. खिडकीबाहेर लोक आपापल्या घरी परतत होते, कुणी रेंगाळत नव्हतं, कुणी चुकत नव्हतं.

"पुढच्या रविवारी जमवू," बाबा म्हणाले.

"नक्की."

"मग बोल काहीतरी. काय चाललंय तिकडे?"

तिनं सांगायला सुरुवात केली. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे, भाजीवालीचा कमी झालेला आवाज, पश्चिमेकडचा रंग. ते ऐकत राहिले. मधे कुठं खरखर नव्हती, शब्द तुटत नव्हता. त्यांचा आवाज इतका स्वच्छ येत होता, जणू ते भिंतीपलीकडच्याच खोलीत बसले होते.